उपासाचं सैंधव

घाटकोपरच्या आमच्या डोंगरावरून माणसाला उचलून खाली न्यायचं ते दोनच वेळी, बाई अडली तर किंवा कोणी गेलं तर. मी धड दोन्हीत बसत नव्हते. तरी दर एकवीस दिवसांनी मंडळाची लाकडी खुर्ची आमच्या दारात यायची, तिच्या दोन्ही बाजूंना बांबू बांधलेले असायचे, आणि चार जण मला गणपतीसारखं खाली उतरवायचे. गणपती निदान वर्षातून एकदाच जातो. एकशे सव्वीस पायऱ्या होत्या. नळावरच्या बायका कळश्या बाजूला घेऊन वाट द्यायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या की वाटायचं, उठावं आणि धावत सुटावं. धावताच येत नव्हतं, तीच तर सगळी भानगड होती.

वस्तीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षीची ही गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, लग्नाला तीन वर्षं झाली होती. साकीनाक्याला एका लहानशा युनिटमध्ये मी कॉइल वाइंडिंग करायचे, म्हणजे रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरवर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळायची. माझा हात भरभर चालायचा. शेठ नव्या मुलींना माझ्या टेबलापाशी उभं करायचा आणि म्हणायचा, हिचा हात बघा आणि शिका. त्या टेबलाचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

त्या उन्हाळ्यात बस पकडताना दम लागायला लागला. डोंगर चढून चढून होत असेल असं वाटलं. मग आडवं पडलं की खोकला यायचा आणि उठून बसलं की थांबायचा. मोठ्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग शिकाऊ डॉक्टरांना हाका मारून त्यांनाही ऐकवलं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजले होते?"

सुजले होते. नऊ वर्षांची असताना मुलुंडला, माहेरी, दोन्ही गुडघे सुजून मी महिनाभर अंथरुणात होते आणि आईने वाळू तापवून शेकलं होतं. गुडघे बरे झाले, ताप गेला, आम्ही विसरलो. त्या तापाने हृदयाची एक झडप धरून ठेवली होती आणि इतक्या वर्षांत ती हळूहळू आखडत आली होती. दार अर्धंच उघडतं म्हणून रक्त मागे तुंबतं, मग फुप्फुसात पाणी साचतं, असं बाईंनी समजावलं.

"लगेच कापाकापी करायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "औषधांवर कित्येक वर्षं निघतील. पण सांगते ते पाळायचं. श्वास वाढला, तर मग मला ऑपरेशनला पाठवावं लागेल."

पाळायचं म्हणजे काय काय? हृदयाची बारकी गोळी आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार तिला सुटी. सकाळी लघवीची गोळी. एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, ते इतकं दाट की सुईतून उतरताना कमरेत शिसं ओतल्यासारखं दुखायचं. घसा धरला तर घरगुती काढे करत न बसता यायचं. मूल आत्ता नको. चढउतार दोन महिने कमी. आणि मीठ बंद. हे शेवटचं त्यांनी कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तो कागद माझ्या हातात दिला होता. पण घरी येईपर्यंत तो सासूबाईंच्या कनवटीला गेला.

सासूबाई मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, ते लवकर गेले, आणि या बाईने भाजी विकून मुलगा वाढवला होता. आवाज असा की वरच्या गल्लीतली भांडणं खालच्या गल्लीत उभं राहून मिटवायच्या. माझ्यावर त्यांचा जीव होता, हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही चुकीचं समजाल. नवरा कुर्ल्याला गॅरेजमध्ये कामाला होता. त्याचं मत विचारलं की तो म्हणायचा, आई म्हणते तसं.

बाईंनी चढउतार कमी करा म्हटलं होतं. सासूबाईंनी तो बंदच केला. पाण्याची कळशी गेली, केर गेला, दळण गेलं. वस्तीचा संडास टोकाला, तिथे रांग, आणि माझी ती लघवीची गोळी! म्हणून मोरीत बादली ठेवली गेली. दिवसभर मी दारातल्या पाटावर बसून असायचे. जरा उठले की आतून आवाज यायचा, "बसान रव गो. मी असंय मा."

पहिले चार दिवस बरं वाटलं, कोणाला वाटणार नाही? पाचव्या दिवसापासून जीव गुदमरायला लागला, आणि तो झडपेमुळे नव्हे. दारातून खालचा रस्ता दिसायचा. साडेआठला साकीनाक्याची बस वळणावर दिसायची आणि मला तिच्यातली उभी राहायची माझी जागासुद्धा आठवायची. शेजारच्या खोलीतली माझी मैत्रीण त्याच युनिटमध्ये पॅकिंगला होती. ती लातूरकडची, बौद्ध, तोंडाने फटकळ. संध्याकाळी येऊन ती मला कारखान्यातली बित्तंबातमी द्यायची.

"तुझ्या टेबलावर कोणी नाही बसवलंय अजून," ती एकदा म्हणाली. "पण शेठ बोलला, दिवाळीपर्यंत थांबतो. पाडव्याला नवी मुलगी बसवणार. तू लवकर बरी हो ना यार."

त्या दिवसापासून मला दिवाळीशिवाय दुसरं काही दिसेना. दम कमी झाला की बाई चढउतार करू देतील, चढउतार सुरू झाला की बस, बस मिळाली की टेबल. हिशेब सरळ होता.

आता मिठाचं सांगते. सासूबाईंनी मिठाची बरणी माळ्यावर टाकली होती. माझ्यासाठी वेगळं लहान पातेलं, वेगळा डाव. लोणचं, पापड, सुके मासे माझ्या वाऱ्यालाही उभे करायच्या नाहीत. बांगड्याची आमटी अळणी खाऊन बघा एकदा. माशाचा सगळा वास तोंडात आणि चव मात्र कुठेच नाही. पेज अळणी, भाजी अळणी, भाकरीचं पीठसुद्धा अळणी. जेवण समोर आलं की मला रडू यायचं आणि त्याची लाजही वाटायची. लोक अन्नाला महाग असतात आणि मी मिठासाठी रडत होते.

आषाढ संपता संपता सासूबाईंनी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. माझ्या सुनेचं काळीज बरं कर, आम्ही दोघी सोमवार-गुरुवार धरू, श्रावणात शनिवारही, आणि नवरात्र नऊ दिवस. माझ्या वतीनेही त्यांनीच कबूल करून टाकलं.  अळणी पेजेपेक्षा उपाशी राहणं काय वाईट!

पहिल्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी पुढे आली. एक घास तोंडात गेला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खिचडी चवीची होती. मी मान वर करून बघितलं, तर सासूबाई प्रेमाने बघत होत्या.

"मिठाचो कण घालूक नाय मी," त्या म्हणाल्या. "उपासाक मीठ चलता काय? सैंधव घातलंय."

काष्ठौषधीच्या दुकानातून त्या गुलाबी खडे आणायच्या आणि खलबत्त्यात कुटायच्या. त्यांच्या लेखी मीठ ते मीठ, आणि सैंधव ते सैंधव. मीठ समुद्राचं, रोजच्या जेवणाचं, उपासाला बाटलेलं. सैंधव देवाला चालणारं, सोवळं. त्यांच्या आईने, आजीने हेच केलं होतं. बाईंच्या कागदावर मीठ लिहिलं होतं, सैंधव लिहिलेलं नव्हतं. यात त्यांना फसवाफसवी वाटलीच नाही, कारण ती नव्हतीच.

पण माझ्या जिभेला कोण फसवणार? पहिल्याच घासाला मला कळलं की हे मीठच आहे. मी कॉइल गुंडाळणारी, दहावी झालेली बाई. मला एवढं कळत होतं. मी ती ताटली पुसून खाल्ली आणि म्हटलं, "आई, अजून थोडी आहे का?"

त्यांना किती आनंद झाला. सून खायला लागली म्हणून पुढच्या उपासाला त्यांनी वरीचा भात आणि दाण्याची आमटीही केली. त्यानंतर मी सोमवार-गुरुवारची वाट बघायला लागले. आठवड्यातले बाकीचे दिवस मी बसून काढायचे आणि त्या दोन दिवशी जेवायचे.

एकदा मैत्रीण गुरुवारी आली. तिच्या घरी उपासतापास नव्हते. सासूबाई नळावर गेल्या होत्या. तिने माझ्या ताटलीतली थेंबभर आमटी बोटावर घेतली, चाखली आणि माझ्याकडे बघितलं.

"हे तर खारट आहे गं!"

"गप."

"अगं, तुला मीठ बंद आहे ना?"

"सैंधव आहे ते. उपासाचं."

"कसलं सैंधव? मला शिकवू नको. वाट लागेल तुझी."

"आठवड्यातून दोनदाच तर आहे," मी म्हटलं. "तू कोणाला सांगितलंस तर तुझ्याशी बोलणार नाही. मला इथे दुसरं आहे काय?"

तिने सांगितलं नाही. त्याचा दोषही माझ्याकडेच येतो.

श्रावणात पावलं सुजायला लागली. उपासाच्या दुसऱ्या दिवशी घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा आणि सावकाश भरून यायचा. मी तो खळगा पदराखाली झाकायचे. डोक्याखालच्या उशा दोनाच्या तीन झाल्या. इंजेक्शनाला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, "मीठ बंद आहे ना नक्की?" मी म्हटलं, "हो बाई, घरात बरणीच माळ्यावर आहे." हे खरं होतं आणि शुद्ध खोटं होतं. त्यांनी लघवीच्या गोळ्या एकाच्या दोन केल्या आणि चढउतारावरची बंदी आणखी एक महिना लांबवली. सासूबाईंनी तर दारातल्या पाटावर बसणंही बंद केलं, वारा लागतो म्हणून. माझं दार आणखी आखडलं आणि ते मीच आखडून घेत होते. तुम्ही विचाराल, दिवाळी एवढी हवी होती तर मग तोंड का नाही आवरलं? मी स्वतःला शंभरदा विचारलंय. कोंडलेल्या माणसाला उद्याचं दार दिसतं, पण भूक आजची लागते. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

नवरात्र बसलं. नऊ दिवस, दोन्ही वेळा. तिसऱ्या माळेला पायांची सूज नडगीपर्यंत चढली. पाचव्या माळेला चार उशा लागल्या. सातव्या माळेला मला आडवंच होता येईना, मी भिंतीला टेकून बसले आणि श्वास ओढत राहिले. सासूबाई देवासमोर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होत्या, काय चुकलं रे महाराजा. आठव्या माळेला खुर्ची आली. त्या दिवशी नळावरच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं नाही, माना खाली घातल्या.

इस्पितळात ऑक्सिजन लावला, शिरेतून इंजेक्शनं दिली, आणि पाणी उतरायला लागलं. जेवण तिथलं, अळणी. गोळ्या घरच्याच. पाचव्या दिवशी मी एका उशीवर झोपले. डॉक्टरबाई कागद हातात घेऊन आल्या. ऑपरेशनसाठी पुढे पाठवायचं पत्र त्यांनी लिहायला घेतलं होतं, पण त्या थांबल्या.

"गोळ्या त्याच," त्या म्हणाल्या. "मग इथे पाच दिवसांत पाणी उतरतं आणि घरी का चढतं? आजी, सांगा बघू, नवरात्रात हिला काय काय दिलंत?"

सासूबाईंनी अभिमानाने सांगायला सुरुवात केली. खिचडी, वरी, दाण्याची आमटी, बटाटा. मिठाचा कण नाही हो डॉक्टरांनू, सैंधव तेवढं.

वॉर्डातले सगळे बघत होते. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्या दिवशी भडकल्या. "सैंधव म्हणजे मीठच! आठ दिवस तुम्ही हिला मीठ चारलंत. अजून दोन दिवस गेले असते तर सून हाताला लागली नसती."

सासूबाईंनी आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. ही आता सांगेल की असं नाही, अशी ती नजर होती. मला बोलायला एक क्षण पुरला असता. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. माझ्या मनात तेव्हा काय होतं, तेही सांगते. माझ्या मनात होतं, ऑपरेशन टळलं, आणि दिवाळीला अजून सोळा दिवस आहेत.

"माझ्या हातान मी तुका विख घातलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा तो आवाज दोन खाटांपलीकडेही गेला नाही.

त्या दिवसापासून घरातला कायदा गेला. बाईंनी सांगितलं होतं, आता हळूहळू चालू दे, दर वीस पायऱ्यांना थांबायचं, बसून करायचं काम चालेल. पूर्वी असतं तर सासूबाईंनी डॉक्टरलाही जुमानलं नसतं. आता त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या. धनत्रयोदशीला मी माझ्या पायांनी एकशे सव्वीस पायऱ्या उतरले, सहा वेळा थांबून, आणि बसमध्ये बसले. टेबल रिकामं होतं. तार हातात घेतली आणि मला हसू आवरेना.

मला वाट मिळाली ती मी बरी झाले म्हणून नव्हे. अडवणाऱ्या बाईचा स्वतःवरचा विश्वास उडाला म्हणून मिळाली. माझं पातेलं त्यांनी माझ्या हवाली केलं, तुझा तूच शिजव म्हणाल्या. उपास सोडले. मग माझ्या लक्षात आलं की त्या स्वतःही अळणी जेवताहेत. नवऱ्याने विचारलं, मी विचारलं, त्या म्हणाल्या, गरज नाय. नळावरची भांडणं मिटवायलाही त्या जाईनात. मी रोज संध्याकाळी कामावरून यायचे, त्यांच्यासमोर बसायचे, त्यांना अळणी भात कालवताना बघायचे. रोज ठरवायचे, आज सांगू. सांगितलं तर त्या परत पहिल्यासारख्या होतील, आणि परत मला पाटावर बसवतील, असंही वाटायचं. मैत्रिणीने एकदाच विचारलं, "सांगितलंस?" मी नाही म्हणून मान हलवली. तिने पुन्हा विषय काढला नाही, पण माझ्याकडे येणं कमी केलं.

अशी पाच वर्षं गेली. इंजेक्शनाला मी चालत जायचे. मीठ मी पुन्हा शिवले नाही. तरी झडप आखडायची ती आखडतच होती. मग बाईंनी सांगितलं की आता नवीन निघालंय, मांडीच्या शिरेतून नळी घालून झडपेत फुगा फुगवतात आणि ती उघडतात, छाती कापावी लागत नाही. मी हो म्हटलं. झालंही नीट. जांघेवर वाळूची पिशवी ठेवली होती आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाय हलवायचा नाही, उताणंच पडून राहायचं, अशी ताकीद होती.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला सासूबाई आल्या. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासाठी काही शिजवलं होतं, पेज. त्या माझ्याकडे आल्या नाहीत, आधी नर्सकडे गेल्या. डबा उघडून तिच्यापुढे धरला.

"जरा चाखून बगा, बाय. मीठ लागणा नाय मा?"

नर्सने चाखलं, नाही म्हटलं. तरी त्यांनी आणखी एकदा चाखायला लावलं. मला ते बघवेना.

"आई," त्या जवळ आल्यावर मी म्हटलं, "मला तेव्हा माहीत होतं. ते मीठच आहे, हे मला पहिल्या सोमवारीच कळलं होतं. मी मुद्दाम खाल्लं. तुमची काही चूक नव्हती."

 त्यांनी पदराने माझा घाम पुसला.

"माझा मन राखूक सांगतंस," त्या म्हणाल्या.

"नाही आई, खरं सांगते. डॉक्टर बोलल्या तेव्हाही मी गप्प बसले. शेजारणीला विचारा."

"गप रव गो. बोलू नको, दम लागतलो." आणि त्या नर्सकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा पाच वर्षांत नव्हता इतका खुलला होता. "बगलास? सून कशी गावली माका. माझो दोष आपल्या अंगार घेता."

नर्स म्हणाली, नशीबवान आहात, आजी. मी काहीतरी बोलायला गेले. सासूबाईंनी पेजेचा चमचा माझ्या ओठांना लावला, आणि मी तोंड उघडून तो घेतला.